बरकतपुऱ्याच्या खुनातलं माझं काम

आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळात नवा सभासद आला की त्याला आधी चहा देतात आणि मग खून सांगतात. चहा बेताचाच असतो. खून मात्र मन लावून सांगतात.

खून जुना आहे, पोलीस ॲक्शननंतरचा, म्हणजे निजामाचं राज्य गेलं त्यानंतरच्या वर्षांतला. बरकतपुऱ्यात एक नामांकित मराठी वकील राहत. एका दुपारी जेवण करून ते बैठकीत आडवे झाले आणि कुणीतरी खलबत्त्यातला बत्ता त्यांच्या डोक्यात घातला. घरातून काही गेलं नाही, कुणी काही पाहिलं नाही. मराठवाड्यातून आलेला घरचा गडी मागे झाडांना पाणी घालत होता. आत आल्यावर त्यालाच मालक आधी दिसले. त्यानं त्यांना उचलून बसवायचा प्रयत्न केला, अंगभर रक्त माखून घेतलं, तसाच पळत चौकीवर गेला आणि मग तिथंच राहिला. चौकीत त्यानं गुन्हा कबूल केला असं पोलिसांनी कोर्टात सांगितलं. जन्मठेप झाली. काही वर्षांनी तो तुरुंगातच वारला.

हा गडी म्हणजे माझे आजोबा. मंडळात हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

मी रेल्वेच्या कचेरीत नोकरीला, घर तारनाक्याला. मुलीला मराठी वाचता यावं म्हणून मंडळाचा सभासद झालो. मुलगी एकदा आली, सगळ्यांना 'हाय अंकल' म्हणाली आणि पुन्हा फिरकली नाही. ग्रंथालय बरं होतं म्हणून मी येत राहिलो. माझ्या पहिल्याच कोजागिरीला मसाला दुधाचा पेला हातात देऊन अध्यक्षांनी मला आमच्याच घरातली गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मध्येच थांबून विचारलं, "आहे की नाही इंटरेस्टिंग?" मी हो म्हणालो. दुधात साखर फार होती.

या खुनावर मंडळात जेवढी डोकी तेवढी मतं. पण घराणी म्हणावीत अशी तीन.

पहिलं प्राध्यापकांचं. ते विद्यापीठातून निवृत्त झाले, पण तास घ्यायची सवय गेली नाही. त्यांच्या मते वकिलांना काहीतरी असं ठाऊक होतं की ज्यामुळे मोठी माणसं गोत्यात आली असती. ही मोठी माणसं दर वर्षी आणखी मोठी होत जातात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा प्रकरण एका जहागीरदारापाशी थांबलं होतं. मागच्या वर्षी ते लंडनला पोचलं. पुरावा मागितला की प्राध्यापक समाधानानं हसतात आणि म्हणतात, पुरावा सापडत नाही हाच पुरावा.

दुसरं गौलीगुड्याच्या काकूंचं. त्यांच्या आजी वकिलांच्या शेजारी राहत. आजींनी काय पाहिलं? काही नाही. पण वकिलांची बायको रडली नाही, आणि तेरावं होतंय न होतंय तोच तिनं कैरीचं लोणचं घातलं. "मनात काही असल्याशिवाय बाईला लोणचं सुचेल?" असं काकू विचारतात तेव्हा बायकांच्या रांगेतून हुंकार येतो. काकूंनी स्वतः यजमानांच्या आजारपणात लोणचंच काय, कुरडयाही घातल्या होत्या, पण ते प्रकरण कोर्टात गेलं नाही.

तिसरं मत गच्चीबावलीहून गाडी चालवत येणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरचं. यांना पॉडकास्ट ऐकून ऐकून तपासाचं वेड लागलंय. संशय वकिलांच्या धाकट्या भावावर. "लॉजिकली बघा ना," हे त्यांचं पालुपद. वकिलांचं घर पाडून तिथं कधीच अपार्टमेंट उभं राहिलं, तरी या गृहस्थांनी एका रविवारी तिथल्या पार्किंगमध्ये फीत लावून बैठकीपासून झाडांपर्यंतचं अंतर मोजलं. वॉचमननं हटकलं तर म्हणाले, "मर्डर का इन्व्हेस्टिगेशन कर रहा हूं." वॉचमननं शांतपणे गेट लावून घेतलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला खाली बोलावलं. अध्यक्षांना जाऊन त्यांना सोडवून आणावं लागलं.

एका बाबतीत मात्र तिन्ही घराण्यांचं एकमत आहे. गड्यानं खून केला नाही. "तो बिचारा उगाच अडकला," असं प्राध्यापक म्हणतात. काकू म्हणतात, "बिचारा." इंजिनिअरांनी संशयितांची एक स्लाइड केली आहे, तिच्यावर त्याच्या चौकोनात फुली असते. आधी मला हा 'बिचारा' ऐकून बरं वाटायचं. मग लक्षात आलं की आजोबांचं निर्दोष असणं ही यांची सोय आहे. त्यांनी खून केला असता तर विषयच संपला असता, आणि कोजागिरीला बोलायचं काय? वाक्य 'बिचारा'पर्यंत येतं, तिथं अर्धा श्वास घेतं आणि लंडनला, लोणच्याला किंवा धाकट्या भावाकडे निघून जातं. मला याचा राग यायचा. अजून येतो.

आमच्या घरी या खुनाबद्दल कसलंच मत नाही. आमच्याकडे आहे ती फक्त आत्या. आजोबांना नेलं तेव्हा ती अंगणात खेळायच्या वयाची होती. आता ऐंशीच्या घरात आहे, माझ्याकडेच राहते. खून कुणी केला असेल असं मी तिला एकदा विचारलं. "मला काय ठाऊक," ती म्हणाली, "मी काय तिथं व्हते?" मंडळातल्या कुणाला हे उत्तर कधी सुचलेलं नाही.

अपील का केलं नाही, हेही मी तिला विचारलं होतं. आजोबांच्या ओळखीचा वकील एकच, आणि त्याचाच खून झालेला. आजी पोरं घेऊन गौलीगुड्यात एका खोलीत राहिली, लोकांची धुणी-भांडी करत राहिली. आजोबा तुरुंगात वारल्यावर मयत घरी आणलं तेव्हा वस्तीतल्या एकाही घराचं दार उघडलं नाही. खुन्याच्या मयताला कोण येणार? आजी, माझे वडील, आत्या आणि हातगाडीवाला, एवढेच होते. आत्या हे सांगते तेव्हा रडत नाही. त्या दिवशीच्या दारांचे रंग सांगते.

तिला एकच पाहिजे होतं. कुणीतरी वरच्या खुर्चीत बसून, चार माणसांसमोर म्हणावं की माझ्या आबांनी हे केलं नाही. खरं कोर्ट आता म्हणणार नाही, हे तिलाही कळत होतं.

आणि अशात मंडळानं अभिरूप न्यायालय ठरवलं.

अभिरूप न्यायालय म्हणजे लुटुपुटूचं कोर्ट. काळा कोट घालून मराठी माणूस जितका खूश असतो तितका तो लग्नातही नसतो. एरवी मंडळात सासू विरुद्ध सून किंवा मोबाइल शाप की वरदान असले खटले चालतात. या वेळी बरकतपुऱ्याचा खून घ्यायचा ठरला. अध्यक्षांनी संहिता लिहिली. प्राध्यापक, काकू आणि इंजिनिअर हे तिघे वकील. न्यायाधीश नेहमीचेच, निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर घरांचे दस्त नोंदवले, पण काळा कोट फक्त त्यांच्याकडे आहे. अडलं ते आरोपीपाशी. आरोपी व्हायला कुणी तयार होईना. एकानं तर सांगितलं की नातवंडं बघायला येणार आहेत, बरं दिसत नाही.

मग अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "तुम्हीच करा. तुमची भाषा कशी, अस्सल आहे."

भाषा अस्सल असण्याचं ऐकायची मला शाळेपासून सवय आहे. अस्सल म्हणजे काय हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. मी संहिता मागितली. प्राध्यापकांचं भाषण चार पानी, काकूंचंही तेवढंच. आरोपीला सबंध खटल्यात एकच वाक्य: "मी काय बोलू, साहेब?" पुढे कंसात, मान खाली.

"करतो," मी म्हणालो, "पण निकालात आधी म्हणायचं, आरोपी निर्दोष आहे."

"अहो, ते तर आपण गृहीतच धरलंय."

"गृहीत नको. म्हणायचं. माइकवर."

अध्यक्षांना हे कलावंताचं खूळ वाटलं. हो म्हणाले आणि माझ्यासमोर पेन्सिलीनं लिहूनही घेतलं.

घरी आत्याला सांगितलं. खोटं कोर्ट आहे, खोटा न्यायाधीश, काय समजायचं ते समज, असंही सांगितलं.

"खुर्चीतून म्हननार का?"

"खुर्चीतून म्हणणार. पण आत्या, खुर्ची खोटी आहे."

"खऱ्या खुर्चीतून म्हनले ते तरी कुठं खरं व्हतं," ती म्हणाली आणि बुद्धवंदनेला नेसते ती पांढरी साडी इस्त्रीला काढली.

त्या रविवारी दुपारी हॉल भरला होता. आत्या लवकर जाऊन पहिल्या रांगेत बसली. एका कार्यकर्त्यानं तिला उठवून तिसऱ्या रांगेत नेलं, कारण पहिली रांग मान्यवरांची होती. मान्यवर शेवटपर्यंत आले नाहीत. मी स्टेजवरून बघत होतो. आरोपीचा पिंजरा म्हणून डेकोरेशनवाल्यानं लाकडी कठडा आणून दिला होता, आणि मी त्यात मान खाली घालून उभा होतो.

खटला सुरू झाला. प्राध्यापकांनी लंडनहून सुरुवात केली आणि अर्धा हॉल पेंगेपर्यंत हैदराबादला परतले नाहीत. काकूंनी लोणच्याची बरणीच आणली होती. ती पुरावा म्हणून दाखल झाली, मग रांगांमधून फिरली आणि परत आली तेव्हा अर्धी झाली होती. इंजिनिअरांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला लागेना, म्हणून त्यांनी पार्किंगचा नकाशा हवेत हातवारे करून समजावला. लोक हसले, टाळ्या पडल्या. माझं वाक्य आलं तसं मी म्हटलं, "मी काय बोलू, साहेब?" बारीकशी टाळी पडली. मागून कुणीतरी म्हणालं, "काय अस्सल!"

तेवढ्यात चिठ्ठी आली. संध्याकाळी हॉल एका तेलुगू कुटुंबाला साखरपुड्यासाठी दिला होता आणि त्यांची माणसं फुलांच्या टोपल्या घेऊन दारात येऊन थांबली होती. अध्यक्षांनी न्यायाधीशांना घड्याळ दाखवलं. न्यायाधीशांनी हातोडा आपटला आणि म्हणाले, "उपपत्ती सगळ्याच तुल्यबळ आहेत. सबब निकाल राखून ठेवण्यात येत आहे. समोसे बाहेर आहेत."

हॉल उठला. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आत्या बसूनच होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ती अजून खुर्चीकडेच बघत होती. निकाल राखून ठेवणं म्हणजे काय हे तिला कळलं नसावं. तिला वाटलं असेल, लोक पाणी पिऊन परत येतील.

मी कठड्यातून हललो नाही.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. साउंडवाल्यानं माइक गुंडाळून नेला. मग डेकोरेशनवाला आला. "साब, जरा उतरते क्या? कठडे कू फूलां लगाने के हैं."

"फैसला नै हुआ अभी," मी म्हणालो.

तो गोंधळला आणि अध्यक्षांना घेऊन आला. अध्यक्षांनी मला हसून खांद्याला धरलं. मी हसलो नाही. "तुम्ही लिहून घेतलं होतं," मी म्हणालो.

"अहो, वेळ कुठं होता? सगळ्यांना ठाऊक आहे तो निर्दोष आहे. उतरा आता."

"ठाऊक आहे तर म्हणा."

बाहेरून न्यायाधीशांना बोलावलं. ते कोट काढून समोसा खात होते. साखरपुड्याची माणसं आत शिरली होती आणि जरीच्या साड्या नेसलेल्या दोन-तीन बायका खुर्च्यांना पांढरी कापडं चढवता चढवता आमच्याकडे बघत होत्या. न्यायाधीशांनी समोशाचा हात बाजूला धरून दुसऱ्या हातानं हवेत काहीतरी केलं आणि म्हणाले, "बरं बाबा, निर्दोष. आरोपी निर्दोष. झालं?"

"कोन?"

आत्या उठून स्टेजच्या पायरीशी आली होती.

"कोण काय, आजी?"

"कोन निर्दोष? नाव घिऊन सांगा."

न्यायाधीशांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी खिशातून संहिता काढली, पहिलं पान उलटलं, शेवटचं उलटलं. संहितेत 'आरोपी' एवढंच होतं. त्यांनी प्राध्यापकांना हाक मारली. प्राध्यापक आले, कपाळाला आठ्या घालून म्हणाले की नाव वाचल्याचं स्मरतंय, शेवटी 'बा' होता, त्या लोकांत असतोच. वकिलांचं पूर्ण नाव त्यांना येत होतं, वडिलांसकट. धाकट्या भावाचं येत होतं. लंडनच्या साहेबाचंसुद्धा येत होतं. इंजिनिअरांनी फोन काढून शोधलं, तर त्यांना त्यांचीच स्लाइड सापडली. त्या चौकोनात 'सर्व्हंट' लिहिलेलं होतं आणि त्यावर फुली. काकू म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की, नाव काय होतं त्याचं?" त्यांच्या आवाजात खरंखुरं नवल होतं, इतक्या वर्षांत जसं काही पहिल्यांदाच हरवलेलं लक्षात यावं.

मी सांगू शकलो असतो. आत्यानं माझ्याकडे बघून मान हलवली.

मग मला म्हणाली, "चल. यांना ठाऊक न्हाई."

मी उतरलो. डेकोरेशनवाल्यानं लगेच कठड्याला झेंडू बांधायला घेतला. मग आणखी फुलं आणायला तो आमच्याबरोबरच खाली निघाला, हॉलचा जिना उतरताना त्यानं आत्याचा हात धरला आणि विचारलं, "क्या हुआ अम्मा, फैसला हुआ?"

"हौ," ती म्हणाली, "आधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांचा वृत्तांत आला. लांबलचक होता. प्राध्यापकांचा व्यासंग, काकूंची मिश्कील शैली, इंजिनिअरांचा आधुनिक दृष्टिकोन, न्यायाधीशांची भारदस्त उपस्थिती, समोसे देणाऱ्यांचे आभार. सगळ्यांची नावं पूर्ण, श्री. आणि सौ. लावून. शेवटच्या ओळीत, आरोपीची भूमिकाही ठीक वठली. पुढच्या वर्षी हाच खटला पुन्हा घ्यावा का, याबद्दल मतं मागवली होती.

मी चहा पीत होतो. आत्यानं विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं.

"आबांचं नाव हाय का?"

"नाही."

"मग तू टाक."

काय लिहू, असं मी विचारलं. नुसतं नाव टाक, म्हणाली, दुसरं काही नको. मग मी आजोबांचं नाव लिहिलं, त्यांच्या वडिलांचं लिहिलं, आमचं आडनाव लिहिलं, आणि पाठवून दिलं.

मग पहिले जोडलेले हात आले, अध्यक्षांचे. खाली, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग प्राध्यापकांचे हात. 'आपल्या दुःखात सहभागी आहोत.' काकूंनी पणती पाठवली. इंजिनिअरांनी इंग्रजीत तीन अक्षरं पाठवली. न्यायाधीशांनी 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' आणि वर गुलाब. ग्रुपवर सकाळी नुसतं नाव आलं की आमच्याकडे माणूस गेला असं समजतात. आडनाव माझं, तेव्हा माझ्या घरातलंच कुणीतरी गेलं हेही त्यांनी ओळखलं. या प्रकरणात इतक्या वर्षांत त्यांनी केलेला हा पहिला बरोबर तर्क होता.

हात येतच राहिले. कधी तोंड न उघडणारे सभासद, ज्यांचे नुसते नंबर दिसतात तेही आले. माझं डोकं फिरलं. त्यांना दोन शब्दांत सुनवायचं म्हणून मी टाइप करायला घेतलं, की हे माझे आजोबा, ज्यांच्यावर तुम्ही कोजागिऱ्या काढल्या ते.

आत्यानं चष्मा लावून फोन माझ्या हातातून घेतला. तिला वाचता येत नाही, पण जोडलेले हात कळतात. ती एकेक हात बघत बोटानं वर सरकवत राहिली.

"काय म्हनतेत हे?"

"आबा गेले म्हणून वाईट वाटलं म्हणतात. त्यांना वाटतंय आजच गेले. थांब, मी सांगतो त्यांना."

"नगं सांगू," ती म्हणाली. "येऊ दे. तवा कुनीच आलं नव्हतं."